सातनंतरची गाडी

तुमच्या कॅम्पसमध्येही असेल ती. पाहुणे येणार म्हटलं की धुऊन-पुसून गेटवर उभी करतात, ती बॅटरीवरची सहा सीटची गोल्फ कार्ट. आमच्याकडे ती रोज धावायची, पण संध्याकाळी सहापर्यंतच. कारण पुढचा एक दिवा गेलेला आणि दुसरा असून नसल्यासारखा.

कुणाला त्याचं काही पडलं नव्हतं. मग आमची एक मैत्रीण कबड्डी खेळताना पडली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हातात कुबड्या आल्या. लायब्ररी नऊपर्यंत उघडी, हॉस्टेल सव्वा किलोमीटर लांब, मध्ये चढ, आणि टीवायची परीक्षा तोंडावर. बिचारी रोज पावणेसहालाच पुस्तकं आवरायची. आम्ही म्हटलं, ‘अगं, आम्ही येतो ना सोबत.’ तर म्हणाली, ‘मला सोबत नकोय रे, गाडी हवीय.’

झालं! परवानगीचा अर्ज दिला, वर्गणी काढली आणि एलईडी आणले. खरं सांगू? आधी आणली ती रंग बदलणारी पट्टी. रील एकदम भारी झालं. गाडी चालवणारे काका मात्र एक फेरी मारून आले आणि म्हणाले, ‘वरात दिसतेय, खड्डा दिसत नाय.’

मग शहाण्यासारखे हेडलाइट आणले. आता खरी गंमत ऐका. हे दिवे १२ व्होल्टचे. आमच्या कार्टमध्ये ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. आम्ही हिशेब केला, सहा दुणे बारा! दोन बॅटऱ्यांवरून वायर काढली, दिवे लागले, टाळ्या पडल्या.

तुम्हीही हेच केलं असतं, म्हणून सांगतेय. करू नका.

महिन्याभरातच काका म्हणायला लागले, ‘चढाला दमते.’ इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी हायड्रोमीटरने आम्ल तपासलं. सहा बॅटऱ्यांत आकडा १.२६च्या आसपास, आपल्या त्या दोघींत १.२०. कारण साधं आहे. दिव्यांचा भार फक्त त्या दोघींवर. चार्जर मात्र आठही जणींना एकाच रांगेत सारखाच करंट देतो. त्यामुळे या दोघी अर्धपोटी राहतात आणि बाकीच्या अजीर्ण होईपर्यंत खातात. असं रोज चाललं की दोन्हीकडून नुकसान. आणि एक बॅटरी बसली की सगळी गाडी बसते. म्हणजे मैत्रिणीसाठी दिवे लावायला गेलो आणि तिची दिवसाची गाडीही घालवणार होतो!

उपाय म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर. मुठीएवढी डबी. ती पूर्ण ४८ व्होल्ट घेते आणि १२ व्होल्ट देते, त्यामुळे भार आठही बॅटऱ्यांवर सारखा पडतो. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाका, म्हणजे पुढे वायर कुठे घासली तरी आग लागणार नाही. कन्व्हर्टर किल्लीच्या स्विचवर घ्या, नाहीतर उभ्या गाडीतही तो थोडा थोडा करंट पीत बसतो. आणि मोटारसायकलसारखं चासीला अर्थ करून मोकळं होऊ नका, दिव्याची परतीची वायर वेगळी ओढा.

आता तुम्ही विचाराल, बॅटरी नाही का संपणार? गणित करू. १८ वॉटचे दोन हेडलाइट, शिवाय मागचे आणि वळणाचे मिळून १२ वॉट, म्हणजे एकूण ४८ वॉट. तीन तासांचे १४४ वॉट-अवर, कन्व्हर्टरची घट धरून १६० म्हणा. आमच्या २०० अँपिअर-अवरच्या संचात ९,६०० वॉट-अवर असतात. दोन टक्केसुद्धा नाही! ५५ वॉटचे दोन हॅलोजन लावले असते, तर नुसत्या हेडलाइटनेच ११० वॉट खाल्ले असते.

हात लावण्याआधी मात्र मेन स्विच बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, अंगठी-कडं खिशात. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तेव्हा तिथे ठिणगी उडेल असं काहीही नको. शेवटचे जोड आम्ही कॉलेजच्या वायरमन काकांकडूनच करून घेतले, त्यात कसला आलाय कमीपणा? पुढे पांढरा, मागे लाल, वळायला पिवळा, आणि झोत खाली झुकवलेला, चालणाऱ्यांच्या डोळ्यांत जाणार नाही असा. आणि हो, दिवे लावले म्हणून कार्ट बाहेरच्या रस्त्यावर काढता येत नाही. ती कॅम्पसचीच.

त्या दोन बॅटऱ्या सरांनी वेगळ्या काढून सावकाश चार्ज केल्या. वाचल्या. नशीब आमचं.

परवा सात वाजता कार्ट लायब्ररीसमोर थांबली. मैत्रीण पुढे बसली, कुबड्या मागे ठेवल्या. आम्हीही चढायला लागलो तर म्हणाली, ‘तुम्ही चाला की. धडधाकट आहात.’

चाललो. समोर चढावरचा एकेक खड्डा दिसत होता. तुमच्या कॅम्पसमध्ये अशी सहाला झोपणारी गाडी असेल, तर आज जाऊन एकदा विचारा, सातनंतर तिची गरज कुणाला आहे.