चौक कुणाच्या हक्काचा?

(लेखमाला : भाग सातवा)

गेल्या आठवड्यात आपण भाषेच्या सीमा पाहिल्या. 1960 साली उंबरगाव तालुक्यातली गावं गुजरातेत गेली, तेव्हा वारली आदिवासींची बोली मराठी की गुजराती यावर रणं माजली. वारल्यांना मात्र कुणी फारसं विचारलं नाही. आज बोईसरकडे येऊ.

तारापूरची औद्योगिक वसाहत आणि 1969 पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र यांच्यामुळे बोईसरला देशभरातून माणूस पोटापाण्यासाठी आला. वारली, मल्हार कोळी, मांगेला, भंडारी, वाडवळ हे इथले. शेजारी उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, गुजराती व्यापारी. गणपतीपासून छटपूजेपर्यंत सगळे सण इथे होतात, 9 ऑगस्टला आदिवासी दिनाची मिरवणूक निघते. पुढारी सगळीकडे हजेरी लावतात. त्यात वावगं काही नाही. माझी हरकत वेगळी आहे. संस्कृतीला हार घातला की राजकारणाचं काम संपलं, असं आपण मानू लागलो आहोत.

वारली चित्रच घ्या. आज ते कुंपणाच्या भिंतींवर, साड्यांवर, हॉटेलांत दिसतं. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, हे योग्यच झालं. पण या चित्राचं मूळ ठिकाण लग्नघर. तिथे सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघाट देवी असते. धवलेरी ही जाणती बाई गाणी म्हणत लग्न लावते, भटजी लागत नाही. चौक लिहिल्याशिवाय लग्न नाही.

आणि याच लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस जमीनदाराच्या दारी बांधला जाई. त्याला लग्नगडी म्हणत. बायकोही त्याच्याबरोबर राबे, आणि फेड काही केल्या संपत नसे. म्हणजे ज्या दिवशी देवीसमोर संसार सुरू व्हायचा, त्याच दिवशी गुलामीही सुरू व्हायची. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारली उठले आणि त्यांनी वेठ व लग्नगडी या दोन्ही पद्धती मोडल्या. ऑक्टोबरात तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला. हा लढा मजुरीचा आणि लाल बावट्याचा म्हणून नोंदला गेला, ते खरंच आहे. पण कुणाचा बांधील न होता आपल्या चौकासमोर उभं राहता येणं, यापेक्षा मोठं सांस्कृतिक स्वातंत्र्य मला दिसत नाही.

पुढे 1970 च्या दशकात पालघर तालुक्यात काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने बळकावलेल्या जमिनींसाठी झुंज दिली. तेच धोदडे नंतर आदिवासी एकता परिषदेच्या उभारणीत होते. ही परिषद दर जानेवारीत सांस्कृतिक महासंमेलन भरवते. जमिनीसाठी लढलेल्यांना जमीन आणि संस्कृती वेगळी काढता आली नाही.

कायद्यालाही ती वेगळी काढता आलेली नाही. 1996 च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याने, रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याची पारंपरिक रीत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला एकाच वाक्यात दिला आहे. आदिवासींचं तारपा वाद्य स्वागताला बोलवायचं आणि पाड्याचं पाणी, जंगल, जमीन यांचा निर्णय परस्पर घ्यायचा, हे त्या वाक्यात बसत नाही. पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे हा कायदा लागू आहे.

मग बाहेरून आलेल्यांचं काय, असं कुणी विचारेल. इथल्यांचा हक्क मागणं म्हणजे आलेल्यांना हाकलणं नव्हे. 14 ऑगस्ट 1942 ला चले जाव चळवळीत पालघरला झालेल्या गोळीबारात सातपाटीचे काशिनाथ पागधरे, मुरब्याचे रामचंद्र चुरी, नांदगावचे गोविंद ठाकूर, बोईसरला लागून असलेल्या सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तिवारी हुतात्मा झाले. पालघरच्या पाचबत्ती चौकातल्या हुतात्मा स्तंभापाशी ही पाचही नावं, आडनाव न पाहता, एकत्र घेतली जातात. छटपूजेला तलावाकाठी दिवे लागणं हा कामगारांचा हक्क आहे, आणि पाड्याच्या जमिनीवर पाड्याचा शब्द चालणं हा वारल्यांचा.

राज्याच्या 2014 च्या पेसा नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून स्वतःची ग्रामसभा मागता येते. तसा ठराव प्रांताधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. तुमचा पाडा अनुसूचित क्षेत्रात असेल तर येत्या ग्रामसभेत हा विषय काढा, आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला गेल्याशिवाय उठू नका. तो कसा लिहायचा, ते पुढच्या आठवड्यात.