लांबलचक इंग्रजी शब्द नेमका कुठे तोडायचा?

लांब इंग्रजी शब्दापाशी मुलं अडखळली की ‘तोडून वाच’ असं सांगितलं जातं. सल्ला योग्यच आहे. पण तोडण्याच्या रीती दोन आहेत, उच्चाराची आणि अर्थाची. त्यांची सरमिसळ झाली की घोळ होतो.

गैरसमज : सिलॅबल म्हणजे शब्दाचा अर्थपूर्ण तुकडा.

वस्तुस्थिती : सिलॅबल हा फक्त उच्चाराचा तुकडा. ‘हेलिकॉप्टर’मध्ये सिलॅबल चार : हे-लि-कॉप्-टर. अर्थाचे तुकडे मात्र दोनच, ‘हेलिको’ आणि ‘प्टर’. ग्रीकमध्ये ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्री वेटोळं आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. ‘टेरोडॅक्टिल’ या प्राचीन उडत्या सरीसृपाच्या नावातही हाच पंख आहे. म्हणूनच त्याच्या स्पेलिंगच्या सुरुवातीला ‘पी’ येतो, जो उच्चारत नाहीत.

गैरसमज : स्पेलिंगमध्ये जितके स्वर, तितके सिलॅबल.

वस्तुस्थिती : मोजायचे ते ऐकू येणारे स्वर. रांग या अर्थाच्या ‘क्यू’मध्ये पाच अक्षरं, त्यांतली चार स्वरांची, तरी सिलॅबल एकच. ‘स्ट्रेंग्थ्स’ची अक्षरं नऊ, सिलॅबल पुन्हा एकच. उलट चार अक्षरांच्या ‘आयडिया’त सिलॅबल तीन. मराठीतही ‘कमळ’ लिहिताना अक्षरं तीन, पण बोलताना क-मळ असे दोनच तुकडे पडतात.

गैरसमज : तोडण्याची जागा ठरलेली असते.

वस्तुस्थिती : ‘फोटोग्राफ’चे तुकडे फो-टो-ग्राफ. ‘फोटोग्राफी’त आघात दुसऱ्या सिलॅबलवर सरकतो आणि फ-टॉग्-र-फी असं ऐकू येतं, ‘ग्राफ’ मधोमध तुटतो. अर्थाचे घटक मात्र तेच राहतात : ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘ग्राफ’ म्हणजे लेखन.

गैरसमज : प्रचंड लांब शब्द पाठच करावे लागतात.

वस्तुस्थिती : ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ या शब्दात 45 अक्षरं आणि 19 सिलॅबल आहेत. अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो 1935 च्या सुमारास मुद्दाम लांबलचक घडवला. फुप्फुस, अति, सूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, विकार असे घटक ओळखले की अर्थ आपोआप उलगडतो. डॉक्टरांचं काम मात्र ‘सिलिकोसिस’वर भागतं.

स्पेलिंगलाही अर्थाच्या तुकड्यांचा मोठा आधार मिळतो. ‘अननेसेसरी’त ‘अन’चा एक आणि ‘नेसेसरी’चा एक, असे दोन ‘एन’ लागतात. ‘डिसअपिअर’मध्ये ‘एस’ एकच, कारण तो फक्त ‘डिस’चा आहे.

पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना आधी टाळ्या वाजवत सिलॅबल मोजायला सांगावेत, मग त्याच शब्दातले उपसर्ग आणि प्रत्यय पेन्सिलीने वेगळे करून घ्यावेत.