शाळा गार हवी, भक्कमही हवी!

उन्हाळ्यात जबलपूरचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. मग चिमुकल्यांचे वर्ग विजेवाचून गार कसे राहतील? इमारत पूर्व-पश्चिम लांब बांधावी, खिडक्या उत्तर-दक्षिणेला ठेवाव्यात, दक्षिणेला व्हरांडा काढावा आणि पश्चिमेला कडुनिंब लावावेत. १०० चौरस मीटर छपरावर १ सेंटिमीटर पाऊस पडला, की सुमारे १,००० लिटर पाणी पडते. ते टाकीत साठवावे.

दगडमातीच्या जाड भिंतीही गारवा देतात, पण २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप आठवा. जबलपूर परिसरात ३५ हून अधिक माणसे दगावली. म्हणून जोत्यावर, खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली सळयांसह काँक्रीटचे सलग पट्टे हवेतच.

पालकांनो, प्रवेश घेताना फी विचारता ना? मग या पट्ट्यांचीही चौकशी करा!