टेप लागते ती जुन्या भिंतीपासून

लंडनमधल्या हॅरोतलं आमचं घर १९३० च्या दशकातलं, एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेलं. आधीच्या मालकांनी मागे ३ मीटर बांधकाम करून स्वयंपाकघर वाढवलेलं. त्याच्याही मागे काचेची कन्झर्व्हेटरी घालायची ठरली, तेव्हा सर्व्हेअरने बागेकडे फारसं पाहिलंच नाही. स्वयंपाकघराच्या छतात आडवी गेलेली लोखंडी तुळई त्याने शोधली. तिच्या खाली मूळ घराची मागची भिंत होती. टेप तिथून लागली.

इंग्लंडमध्ये मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी उभं होतं तसं घर, किंवा नंतरचं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. १९४७ चा नगरनियोजन कायदा त्या दिवशी अमलात आला. अशा घराला मागे ३ मीटरपर्यंतची एकमजली वाढ सहसा अर्जाशिवाय करता येते. आमच्या वाट्याची ती सवलत आधीच्या मालकांनी वापरून टाकली होती. जुनं-नवं मिळून ६ मीटरच्या आत बसत असेल, तर कौन्सिलला आधी कळवायचं. कौन्सिल शेजाऱ्यांना विचारते आणि ४२ दिवसांत निर्णय देते. आम्ही त्याच वाटेने गेलो. पत्र पोचण्याआधी नकाशा घेऊन शेजारी जाऊन बसलो. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांना अशी गोष्ट सरकारी लिफाफ्यातून कळू नये, असं मला मनापासून वाटतं.

खोदकामाआधी गवंड्याने जुन्या वाढीच्या पायालगत एक खड्डा घेतला. लंडनची चिकणमाती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळी दिवसांत फुगते. काचेची खोली हलकी म्हणून पाया उथळ ठेवला, तर ती घरापासून वेगळी हलते आणि सांध्याला फट पडते. म्हणून नवा पाया जुन्याइतकाच खोल नेला. विटाही एकमेकींत गुंतवल्या नाहीत. मध्ये उभी फट सोडून ती लवचिक सीलंटने भरली.

खरं कसब लागलं ते पन्हळीपाशी. स्वयंपाकघराचं छत बागेकडे उतरतं आणि त्याची पन्हळ नेमकी तिथेच, जिथे काचेच्या छपराला टेकायचं असतं. दोन्ही छपरांचं पाणी एकाच जागी येणार, आणि ती जागा आता घराच्या मधोमध. जुनी पन्हळ काढून तिथे ॲल्युमिनियमची रुंद, चौकोनी पन्हळ बसवली. जुन्या छताच्या फेल्टची कड कारागिराने हाताने उचलली, पन्हळीची कड तिच्याखाली सरकवली, मग टोकाकडे बारीकसा उतार दिला. बाजूच्या भिंतीत विटांमधला चुना खरवडून शिशाचा पत्रा आत दाबला. पत्र्याचे तुकडे दीड मीटरपेक्षा लांब नव्हते, कारण लांब शिसं उन्हात ताणून फाटतं. शेवटी त्याने पाण्याची नळी सोडली आणि खाली उभा राहून बराच वेळ नुसता सांध्याकडे पाहत राहिला. मला ते पाहणंच कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटलं. ही पन्हळ पानांनी तुंबली की पाणी बाहेर सांडत नाही, थेट घरात उतरतं. म्हणून तिला जास्तीचं पाणी बाहेर टाकणारं तोंड हवंच, आणि पानगळीत साफसफाईही.

स्वयंपाकघराचा उजेड मात्र कमी झाला. दोन खोल्यांमधलं दार काढा, सगळं मोकळं होईल, असं येणारे-जाणारे सुचवतात. आम्ही ते काढलं नाही. जमिनीलगतची, ३० चौरस मीटरपेक्षा लहान कन्झर्व्हेटरी बांधकाम नियमांतून सुटते ती मध्ये बाहेरच्या दर्जाचं दार आणि भिंत असेल, घरातली हीटिंग तिथे नेलेली नसेल, तरच. दार गेलं की सवलत जाते, आणि जानेवारीत स्वयंपाकघराची ऊबही.

वाढवलेलं घर घेतलं असेल, तर काचांचे नमुने पाहण्याआधी आधीच्या बांधकामाचे नकाशे मिळवा. आणि कौन्सिलची मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.