मॉस्कोच्या आज्ञेतील संपादक

ब्रिटनमधील ‘मॉर्निंग स्टार’ या डाव्या दैनिकाच्या लंडनमधील कार्यालयाला अनेक वर्षे ‘विल्यम रस्ट हाउस’ असे नाव होते. डांगे, मिरजकर, घाटे ही नावे ऐकत वाढलेल्या मराठी वाचकालाही हे रस्ट सहसा ठाऊक नसतात.

1903 साली लंडनमध्ये जन्मलेले रस्ट ऐन विशीत ‘यंग कम्युनिस्ट लीग’चे नेते झाले. रशियातील ‘कोम्सोमोल’च्या धर्तीवर युरोपभर उभ्या राहिलेल्या या युवक संघटनांची सूत्रे मॉस्कोतून हलत. मीरत खटल्याच्या चार वर्षे आधी, 1925 मध्ये, ब्रिटिश सरकारने मायदेशातील 12 कम्युनिस्टांवर 1797 च्या एका कायद्याखाली खटला भरला. सैन्यात बंडाची चिथावणी देणाऱ्यांसाठी केलेला हा कायदा सव्वाशे वर्षांनी असा कामी आला आणि रस्ट यांना वर्षभराची कैद झाली.

पुढे मजूर पक्षालाच शत्रू मानावे, असे धोरण मॉस्कोने आखले. ज्येष्ठ नेते कचरले. युवकांनी ते उचलून धरले. जुने नेतृत्व हलवायचे असले, की तरुणांची ही फळी मॉस्कोच्या हाताशी असे. 1 जानेवारी 1930 रोजी ‘डेली वर्कर’ (आजचा ‘मॉर्निंग स्टार’) निघाला, तेव्हा त्याचे संपादक होते 26 वर्षांचे रस्ट. 1939 मध्ये हिटलरविरोधी युद्धाला पाठिंबा देणारे सरचिटणीस हॅरी पॉलिट यांना मॉस्कोची भूमिका बदलताच पायउतार व्हावे लागले. नव्या भूमिकेचे समर्थक रस्ट पुन्हा संपादक झाले.

या निष्ठेची दुसरी बाजू त्यांच्या घरातच होती. रोझा लक्झेंबर्गवरून नाव ठेवलेली त्यांची मुलगी रोझा लहानपणी आईवडिलांबरोबर रशियात गेली आणि तेथेच शाळेत राहिली. 1941 मध्ये स्टालिनने व्होल्गाकाठच्या जर्मनांना हद्दपार केले, त्या लोंढ्यात ही इंग्रज मुलगी कझाकस्तानात फेकली गेली. तेथे तिला तांब्याच्या खाणीत राबावे लागले. कशीबशी मॉस्कोला पोहोचल्यावर कोमिन्टर्नचे प्रमुख दिमित्रोव यांच्या मदतीने ती युद्धकाळातच ब्रिटनला परतली. तोवर ती इंग्रजी विसरली होती.

वृत्तपत्राच्या संपादकाच्या घरची ही बातमी कित्येक दशकांनी, फ्रान्सिस बेकेट या पत्रकाराच्या पुस्तकातून सविस्तर वाचकांपुढे आली. रस्ट 1949 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, संपादकपदावर असतानाच वारले.