तळ्यातली रोवणी

सकाळचे सात वाजलेत. रात्रभर कोसळून पाऊस नुकताच उघडलाय. तळ्याच्या पाळीवरून सहा बायका एकामागोमाग उतरतात, लुगड्यांचे काष्टे घट्ट खोचलेले. सगळ्यांत पुढे ज्या मावशी आहेत त्यांच्या डोक्यावर रिकामं घमेलं आहे. पाण्याशी आल्यावर त्या वाकतात, ओली बोटं कपाळाला लावतात आणि मागे न बघता सरळ चालू लागतात. पाणी कमरेला लागतं तेव्हा थांबतात.

"या जी, भेऊ नका. खाली पाला हाये, पाय रुतत नाही."

मी उतरते. खरंच, पाय रुतत नाहीत. तळाशी मऊ, लवचीक असं काहीतरी दाटून आहे, पिंढऱ्यांना गुदगुल्या करतंय. पाणी इतकं नितळ की स्वतःची पावलं दिसतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे तळं, इथल्या झाडीबोलीत 'तरा'. आज इथून रोपं काढायची आणि सहा-सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या तळ्यात नेऊन लावायची. हे काम करणाऱ्या सगळ्या जणी ढिवर, म्हणजे मासेमारीवर जगणाऱ्या घरांतल्या. आज शेतातल्या रोवणीची मजुरी सोडून आल्यात.

मावशी हात खांद्यापर्यंत बुडवतात आणि हायड्रिला या पाणवनस्पतीचा एक झुबका मुळासकट वर काढतात. तो माझ्या ओंजळीत ठेवतात. "पाहा."

मी पाहते. सुतासारखी खोडं, प्रत्येक पेरावर पाच-सहा इवल्या पानांचं चक्र, पानांच्या कडांना बारीक दाते. एका पानाखाली गोगलगायीच्या अंड्यांचा पारदर्शक थेंब चिकटलेला. एक चतुराचं पिल्लू, मातकट, सहा पाय पसरून खोडाला धरून बसलेलं. दोन झिंगे टणकन उडून माझ्या मनगटावर आपटतात. आणि मग, बराच वेळ टक लावल्यावर, एक मासा दिसतो. खरं तर दिसतात ते फक्त दोन काळे ठिपके, डोळे. बाकी अंग काचेसारखं, नखाएवढंही नाही. बोटभर जागेत हा एवढा संसार.

मावशी झुबका माझ्याकडून घेतात, पाण्यात तीनदा खळबळतात. "लेकरं इथंच राहू द्या." मगच पाला घमेल्यात जातो. प्रत्येक झुबका असाच तीनदा. कोणी शिकवलेलं नाही, कोणी बघत नाही, तरी एकही चुकत नाही.

हायड्रिलानंतर रिबिनीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया निघते. फुलावर आली की हिची मादीफुलं लांब देठावरून पाण्याच्या वर येतात, नरफुलं तळाशी तुटून तरंगत वर जातात, आणि एकदा गाठ पडली की देठ स्प्रिंगसारखा आखडून फळाला पुन्हा खाली ओढून घेतो. मग मुळंच नसलेली, शेपटासारखी सेरॅटोफायलम. मग कुमुदिनीसारख्या तरंगत्या पानांची निम्फॉइड्स, पांढऱ्या पाकळ्यांना झालर असलेली. पुस्तकातली ही नावं मी वहीत लिहिते आहे. बायका प्रत्येकीला आपल्या नावाने ओळखतात, आणि नावाबरोबर कोणता मासा तिच्यात अंडी घालतो, कोणता नुसता लपतो, कोणती बदकं खातात हेही सांगतात. माझ्या वहीत यातला निम्माही तपशील मावत नाही.

ओल्या पोत्यांत रोपं बांधून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवतो. वाटेत दोन्ही बाजूंना धानाची रोवणी चाललीय. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या जुड्या, वाकलेल्या पाठी. ट्रॉलीतल्या बायका बांधावरच्या बायकांना हाक मारतात, तिकडून विचारणा येते, "काऊन, आज कुठं?" आणि एक जण पोतं थोपटून ओरडते, "मासोरीचे पऱ्हे घेऊन चाललो!"

दुसरं तळं दिसतं आणि सगळ्या गप्प होतात. पाणी आहे, चांगलं पसरलेलं आहे. पण गढूळ, चहासारखं. काठावर बेशरमीची कापलेली खुंटं. ही झुडपं याच बायकांनी उन्हाळ्यात मुळासकट खणली, वाळवली, जाळली. तरी पावसाबरोबर चार-दोन ठिकाणी हिरवे कोंभ परत आलेतच. बेशरम मूळची अमेरिका खंडातली. जनावर तोंड लावत नाही, कांडी तुटून पडली तिथे रुजते, गाळ धरून ठेवते आणि उथळ काठ गिळत जाते. नेमका तोच काठ, जिथे मासे अंडी घालतात. उलट आपल्याकडची हायड्रिला गेल्या शतकात फ्लोरिडातल्या तळ्यांत जाऊन तिथे उपद्रवी तण ठरली. ज्या पाण्यात जिचे खाणारे आणि राहणारे आहेत, तिथेच ती शोभते. मला हे आज ओंजळीत बघून जितकं पटलं तितकं वाचून कधी पटलं नव्हतं.

या तळ्यातला पाला गेला कसा? पाळीवर बसलेले एक म्हातारे काका सांगतात. रोहू, कतला, मृगळ हे नदीचे मासे, साठलेल्या पाण्यात ते वीण घालत नाहीत. त्यामुळे दरवर्षी बाहेरून बीज आणून सोडावं लागतं. एका वर्षी बोटुकल्यांबरोबर गवत्या आला. गवत्या पाला खाऊनच वाढतो. त्याच्यामागून सायप्रिनस आला, तो तळाचा चिखल उकरत खातो, उरलीसुरली मुळं उपटतो आणि पाणी ढवळून ठेवतो. गढूळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचत नाही, मग नवा पाला रुजतही नाही. "पहिली दोन साल मासोरी लय निघाली," काका म्हणतात. "मंग मरळ गेली. शिंगी गेली. मंग बदकं यायची थांबली." बोलताना ते पाण्याकडे बघत नाहीत.

सोडलेला मासा ज्याच्याकडे बीजाचे पैसे आहेत त्याचा असतो. तळ्यातच जन्मलेला मासा त्याच्यामागे कोणी पैसा न घालता दरवर्षी येतो, आणि बाजारात मरळीला भावही जास्त. म्हणून पाल्याचा हा प्रश्न नुसता निसर्गप्रेमाचा नाही, ढिवरांच्या चुलीचा आहे.

काम सुरू होतं. तळ्याच्या एका कडेचा पट्टा उन्हाळ्यात नांगरून ठेवलाय, कारण वर्षानुवर्षं तुडवून घट्ट झालेल्या तळात कोवळी मुळं शिरत नाहीत. पट्ट्याभोवती बांबू रोवून जुनी जाळी बांधली आहे, गुरं आणि मोठे मासे आत येऊ नयेत म्हणून. गुडघाभर पाण्यात बायका ओळ धरतात. हायड्रिलाच्या चार-पाच काड्या, बुडाशी चिखलाचा लाडू, तो तळाशी ठेवून टाचेने हलकेच दाबायचा. एक पाऊल मागे. पुन्हा. मी जोरात दाबते, तर शेजारची ताई माझा गुडघा धरून थांबवते. "चेंदू नका जी. जसा पऱ्हा लावता तसा." मला पऱ्हाही लावता येत नाही हे ती ओळखते आणि पुढची दहा रोपं माझ्याबरोबर लावते.

दुपारी पाळीवर डबे उघडतात. भात, लाखोरीची डाळ, सुकवलेल्या झिंग्यांचं तिखट. ज्या पाळीवर बसलोय ती शेकडो वर्षांची. चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने या मुलखात तळी बांधली, पाळ, पाणी सोडायचं तुडुम, जादा पाण्याची सलंग, सगळं जमिनीचा उतार डोळ्यांनी वाचून. पूर्व विदर्भात अशी हजारो तळी आहेत. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तळी सरकारकडे गेली आणि 'माजी मालगुजारी'चं झालं 'मामा तलाव'. मराठी वाचकाला हा मुलूख लेखक मारुती चितमपल्लींच्या नवेगावबांधवरच्या लेखनामुळे ओळखीचा, पण त्या पाण्याखालचं रान अजून फार थोड्यांनी पाहिलंय. तळी खोल करायच्या योजना येतात, यंत्रं गाळ उपसतात, आणि गाळाबरोबर कंद, बिया, मुळं सगळं ट्रकात चढतं. पाण्याचा साठा मोजतात, पाल्याचा कोणी मोजत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

पाला लावण्याच्या या कामाची सुरुवात तळ्यांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना शिकवायला जाऊन नाही, त्यांना विचारून केली. कोणती वनस्पती कुठे होती, कोणता मासा कधी दिसेनासा झाला. उत्तरं इथल्याच म्हाताऱ्यांकडे होती.

चार वाजता मावशी मला हाताने खुणावतात. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला दोन वर्षांपूर्वी लावलेला पट्टा आहे. तिथे पाणी वेगळं दिसतं, काळसर आणि स्वच्छ. तरंगत्या पानांवरून एक कमळपक्षी लांब बोटं टाकत चालतोय. "हलू नका," मावशी कुजबुजतात.

पानांमधल्या मोकळ्या जागेत पाण्याचा एक तुकडा लालसर झालाय. आधी वाटतं, गंज आहे. मग तो तुकडा सरकतो, फुटतो, पुन्हा गोळा होतो. मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, एकेक तांदळाच्या दाण्याएवढं, नारिंगी. सगळी एकदम वर येतात, हवेचा घोट घेतात, पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी बारीक बुडबुड उठते, आणि खाली जातात. त्यांच्या खाली एक जाड काळी सावली स्थिर आहे. मावशी काडीने पाण्याला जरा स्पर्श करतात. सावली बाणासारखी उसळते, पाणी फाटतं, काडी हातातून निसटते.

"माय हाये का बाप, कोनाला मालूम. दोघं बी राखतात." त्या काडी परत घेत नाहीत. "पिल्लं काळी होऊन पांगेपर्यंत या बाजूला जाळं टाकायचं नाही. आमचं ठरलं हाये."

पाऊस पुन्हा भुरभुरू लागतो. ट्रॉलीत दोन पोती शिल्लक आहेत. ती पाण्यात दाबून, वर दगड ठेवून बायका निघतात, म्हणजे रोपं रात्रभर ताजी राहतील. पाळीवर चढताना मावशी मागे वळतात.

"उद्या सात वाजता या जी. आन् घमेलं आपलं आना, आमच्याकडं कमी हायेत."