फ्लोट बुडतो, मासा लागत नाही

इंग्लंडमधल्या कार्प पकडण्याच्या स्पर्धेत सर्वांत वैताग आणणारा दिवस कोणता? पाण्यात मासाच नाही, असा दिवस नव्हे. तो सोसवतो. समोर गाळाचे ढग उठतायत, मधूनच शेपटी दिसतेय, गळाच्या दोऱ्यावरचा तरंगता फ्लोट सारखा बुडतोय आणि जाळ्यात मात्र मोजून चार मासे, हा खरा वैतागाचा दिवस. तो कसा घडतो हे समजायचं, तर आधी स्पर्धा कशी चालते ते पाहायला हवं.

इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कार्पसारख्या माशांसाठी गळ टाकायला बंदी असते. बहुतेक तळ्यांना ती लागू नाही, आणि कार्पच्या स्पर्धा तळ्यांवरच होतात. ही तळी खासगी, बरीचशी मुद्दाम खोदलेली, आणि त्यांत कार्प आणून सोडलेले. आपल्याकडचे मत्स्यपालक ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच हा मासा, रोहू-कटल्याच्या कुळातला. काठाने ठरावीक अंतरावर बसायच्या जागा आखलेल्या असतात, त्यांना पेग म्हणतात. सकाळी सोडत निघते. जो आकडा हाती येईल त्या पेगवर दिवसभर बसायचं; जागा बदलता येत नाही. साधारण दहाच्या सुमारास शिट्टी होते आणि पुढचे पाच-सहा तास गळ पाण्यात; लागलेला मासा वजन होईपर्यंत पाण्यातल्याच जाळ्यात ठेवायचा.

दिवस वाया गेला की बहुतेक जण सोडतीला बोल लावतात. त्यात तथ्य आहे. उन्हाळ्यात वारा वरचं उबदार पाणी आणि त्यातलं खाणं एका काठाकडे ढकलतो, कार्पही तिकडे सरकतात. थंड वारा सुटला की उलट, आडोशाच्या बाजूला जातात. टोकाच्या पेगला एकाच बाजूला शेजारी, म्हणून तिथं मासा कमी बिचकतो. मे-जूनमध्ये पाणी १८-२० अंशांवर गेलं की कार्प काठच्या लव्हाळ्यांत अंडी घालायला जमतात, पाणी घुसळून काढतात आणि खाण्याकडे ढुंकून पाहत नाहीत. तेव्हा कुणाचंच काही चालत नाही. पण समोर मासा आहे, खातोय आणि तरी लागत नाही, याचा सोडतीशी संबंध नाही. ते आपण टाकलेल्या खाण्यामुळे होतं, असं माझं ठाम मत आहे.

कार्प खातो कसा, ते बघा. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो तोंड पुढे काढून पाण्यासकट खाणं ओढून घेतो, चाचपतो, नको ते फुंकून टाकतो. संशय आला तर आमिषही तसंच थुंकतो, काठावरच्याला पत्ताही लागत नाही. यावर १९८०च्या सुमारास लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी हेअर रिग काढली. आमिष गळात न टोचता गळाच्या मागे केसासारख्या बारीक दोऱ्यावर लोंबकळत ठेवायचं. मासा ते ओढतो, थुंकतो, आणि मोकळा गळ ओठात रुततो.

स्पर्धेत मात्र निम्मा वेळ लांब कार्बनच्या पोलवर जातो. पोल १३ ते १६ मीटरपर्यंत, त्याला फिरकी नाही. टोकाच्या पोकळीत इलॅस्टिक असतं, मासा धावला की ते ताणलं जातं. गळाला पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याची गोळी, किंवा मक्याचा दाणा, वर फ्लोट. आमिषाच्या आसपास बेचकीने चार-सहा पेलेट भिरकावत राहायचं. इथंच घोटाळा सुरू होतो. पेलेट पाण्यावर पडल्याचा आवाज कार्पला लवकर ओळखू येतो. तो तळावर थांबत नाही, पडणारे दाणे वरच्यावर टिपायला वर येतो. आमिष तळाला, मासे अधल्यामधल्या पाण्यात, आणि त्यांच्यामधून गेलेला दोरा. अंग घासलं की फ्लोट झटक्यात खाली जातो आणि लगेच वर येतो. आपण हिसका देतो. गळाला काही नाही, किंवा अंगठ्याच्या नखाएवढं एक पारदर्शक खवलं. कधी गळ कल्ल्याजवळ नाहीतर परात अडकतो. मासा उधळतो, सुटतो, आणि बाकीच्यांना घेऊन जातो. माणूस चिडतो, मासे पांगले म्हणून आणखी मूठभर टाकतो. त्याने ते अजूनच वर येतात.

खरी ओढ वेगळी असते: फ्लोट जातो आणि खालीच राहतो. तेवढी वाट पाहायची. खाणं कमी करायचं. पोलच्या टोकाला छोटी वाटी बसवून त्यातून अगदी थोडे दाणे आमिषाच्या डोक्यावरच सोडले, तर पसरण्याचा प्रश्न येत नाही. मासे वर आलेच असतील तर हट्टाने तळाशी बसण्यात अर्थ नाही. फ्लोट खाली सरकवून आमिष अर्ध्या पाण्यात आणायचं आणि तिथंच धरायचं. तेही जमत नसेल तर ती जागा अर्धा तास तशीच सोडून दुसरीकडे टाकायचं. हातात काही लागत नसताना हात आखडणं फार कठीण, पण मी पाहिलेले चांगले स्पर्धक तेच करतात.

शेवटचा तास-दीड तास काठाचा. गुडघाभर पाण्यात, गवताला चिकटून, दिवसभर कुणी हललेलं नसेल तर मोठे कार्प तिथं येतात. ज्याने सकाळपासून तिथं पाय आपटले, त्याच्याकडे ते येत नाहीत.

मग पुन्हा शिट्टी आणि वजन. तिपाईवर काटा लावून एकेकाचं जाळं मोजतात, पौंड आणि औंसांत. एका जाळ्यात किती मासा चालेल याची मर्यादा असते, उदाहरणार्थ ५० पौंड, कारण दाटीने मासे दगावतात. तळ्याचे विभाग पाडून प्रत्येकात वेगळं बक्षीस ठेवलेलं असतं. वाईट जागा मिळालेल्याची तुलना निदान त्याच्या शेजाऱ्यांशीच होते. सोडतीच्या अन्यायावर ही चांगली तोड आहे. वजन झालं की मासे जिवंत पाण्यात परत जातात. त्यासाठीच बहुतेक तळ्यांवर बिनकाट्याचा गळ सक्तीचा असतो.

तिकडे गेलात आणि स्वतः गळ टाकावासा वाटला, तर १३ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला इंग्लंडमध्ये सरकारी परवाना लागतो. तो एका दिवसापुरताही मिळतो. तळ्याच्या मालकाचे पैसे वेगळे.